जिभेखालची गोळी

सावळाराम मारकडला इंदापूर तालुक्यात सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. तो डॉक्टर नव्हता. एका दूध संघात तो गाई भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या, कामाला होता. मोटारसायकलच्या मागं नायट्रोजनची टाकी बांधलेली असायची. गोठ्यात गेलं की टाकीच्या धुरकट गारठ्यातून वीर्याची कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि गाय भरवायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. संघातून निवृत्त झाल्यावर तो मुलाकडं, बारामतीला जळोचीत राहायला आला, पण काम सुटलं नाही. लोक फोन करून बोलवत आणि टाकी बांधून तो निघे.

माणूस तसा मोकळा. एकदा एका गोठ्यावर घरात नवी सून एकटीच होती. माजावर आलेली गाय सकाळपासून हंबरत होती, पण सुनेच्या तोंडून शब्द फुटेना. सावळारामनं दारातूनच विचारलं, “सोट टाकला का गं ताई, चिकट तार? दुसऱ्या गाईच्या अंगावर उडी मारत हुती का?” सून लाजेनं दाराआड झाली. तेव्हा तो म्हणाला, “मुक्या जनावराला बोलता येत न्हाय, मग आपणच बोलाय पायजे. त्यात लाजायचं काय?” बायका त्याला चहा दिल्याशिवाय जाऊ देत नसत. माज, गाभ, वार न पडणं, असल्या गोष्टी ज्या पुरुषाशी निर्धास्त बोलता येतात असा तो एकटाच.

स्वतःच्या शरीराबद्दल मात्र तो कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता.

त्याला मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, पथ्य पाळलं तर पाळलं. इंदापूरला असतानाच कधीतरी त्याच्या लक्षात आलं की बायकोजवळ जायचं म्हटलं की शरीर साथ देत नाही. आधी वाटलं दमणूक असेल. मग वाटलं वय झालं. मग एके दिवशी त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं आणि साखरबाईला सांगितलं, “मी लई घोरतो. तुझी झोप मोडायला नगं.”

साखरबाई त्याची बायको. हसरी, कामाला वाघीण. त्याच सुमारास तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर नवरा बाहेर झोपायला लागला, तेव्हा तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती खाली मानेनंच म्हणाली होती, “पिशवी काढली की बाईमाणसात काय राहतंय म्हणा.” सावळारामला तेव्हाच कळलं, ही काय समजून बसली आहे ते. तो म्हणू शकला असता की तसं नाही, दोष माझ्यात आहे. पण त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तिचा गैरसमज त्याच्या सोयीचा होता. तो त्यानं तसाच राहू दिला. साखरबाईनं हळूहळू गजरा आणणं सोडलं, ठेवणीतली लुगडी भावजयांना वाटून टाकली, आणि दोघं एका घरात पाहुण्यासारखी राहू लागली.

जळोचीला आल्यावर कुठल्याशा गोठ्यावर दोन गडी आपापसात हसत बोलत होते. त्यांच्या बोलण्यातून सावळारामला एका पिवळ्या गोळीचं नाव कळलं. ते नाव त्यानं डोक्यात ठेवलं आणि एक दिवस नीरा नदी ओलांडून, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावात गेला. औषधाच्या दुकानात त्यानं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. काचेआडून नाव पुटपुटला. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, पाकीट कागदात गुंडाळून पुढं सरकवलं. परत येताना पुलावर थांबून सावळारामनं कागद फेकून दिला आणि गोळ्या टाकीच्या झाकणाखालच्या फडक्यात लपवल्या. त्या जागी घरातलं कुणी हात घालत नसे.

गोळी लागू पडली. सावळारामनं अंथरूण पुन्हा आत आणलं. साखरबाईनं काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापताना ती गुणगुणत होती. सून प्रतिक्षा म्हणालीसुद्धा, “आई, आज लई खुशीत दिसताय.” बाहेर दाढी करणाऱ्या सावळारामच्या कानावर ते पडलं आणि तो आरशात बघून हसला. गोळीबद्दल बायकोला सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. तिला वाटत होतं नवरा परत आला. त्याला वाटत होतं, वाटू दे की.

त्या दिवसांत तो इंदापूरला इकबालकडं गेला. इकबाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बसस्थानकाच्या पलीकडं त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. मागं त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून सदऱ्याच्या खिशात तो एक चिमुकली बाटली बाळगायचा. छातीत आवळल्यासारखं झालं की त्यातली गोळी जिभेखाली धरायची, थोड्या वेळात बरं वाटायचं.

“सावळ्या, आज लई रंगात दिसतूस,” इकबाल म्हणाला.

गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. सावळारामनं त्याला सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. आधी इकबाल हसला. मग फडक्यानं हात पुसत राहिला.

“माझंबी तसंच हाय रं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “हार्टचं झाल्यापासनं. सलिमा काय बोलत न्हाय, पर...”

“मग घे की,” म्हणत सावळारामनं टाकीच्या झाकणाखालून पाकीट काढलं आणि अर्धं तोडून त्याच्या हातावर ठेवलं.

इकबालनं ते उलटसुलट करून बघितलं. “मला चालंल का? छातीची औषधं चालू हायत माझी.”

“न चालायला काय झालं? जल्म गेला माझा ह्यात. बिनघोर घे.”

त्याला काहीही ठाऊक नव्हतं. पण आयुष्यभर लोकांनी डॉक्टर म्हटलेल्या त्या माणसाला ‘मला माहीत नाही’ हे म्हणायची सवयच राहिली नव्हती. इकबालनं गोळ्या खिशात ठेवल्या, त्या चिमुकल्या बाटलीशेजारीच.

त्यानंतर काही दिवसांनी लोणी भापकरला रणजित नावाच्या तरुणाच्या गोठ्यावर सावळाराम एक कालवड भरवायला गेला होता. आदल्या रात्री त्यानं गोळी घेतली होती. हातमोजा चढवतानाच त्याच्या छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं झालं. घाम फुटला, डावा हात जड पडला. तो दावणीला टेकून खाली बसला. रणजितनं त्याला पिकअपमध्ये घातलं आणि तडक बारामतीला एका खासगी दवाखान्यात आणलं. तोवर प्रतिक्षा सासूला गाडीवर बसवून तिथं येऊन पोचली होती.

तपासायला आलेली डॉक्टर तरुण होती. छातीला तारा लावून घेता घेता ती म्हणाली, “काका, ओळखलं का? मी राजनंदिनी. निमगावची. आमच्या गाई तुम्हीच भरवायला यायचात. मी कट्ट्यावर बसून बघायची.”

सावळारामला दोन वेण्या घातलेली, फ्रॉकमधली पोर आठवली. त्यानं मान हलवली.

“हृदयाला रक्त कमी पडतंय. औषध देते. पण आधी सांगा, साखरेच्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? ताकदीची गोळी, कुणी दिलेलं काही? कालपरवा घेतलेलं?”

साखरबाई पायाशी उभी होती. प्रतिक्षा उशाशी त्याचा घाम पुसत होती.

“न्हाय,” सावळाराम म्हणाला.

राजनंदिनीनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग दोघींना पडद्याबाहेर थांबायला सांगितलं आणि वाकून हळू आवाजात पुन्हा विचारलं, “काका, पुरुषांच्या त्या गोळ्या असतात, तसलं काही घेतलंय का? लाजू नका. हे मला कळणं फार गरजेचं आहे.”

आता तिथं कुणी नव्हतं. तो सांगू शकला असता. पण समोर ती कट्ट्यावर बसणारी पोर होती. छातीत कळ येत असतानाही त्याला वाटलं, हिच्यासमोर हे बोलण्यापेक्षा मेलेलं बरं. त्यानं डोळे मिटले.

“न्हाय म्हटलं की.”

तिनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. छातीवरचा धोंडा जरासा हलल्यासारखा वाटला. मग डोकं तापलं, कानात गोंगाट सुरू झाला, छतावरचा पंखा लांब लांब जाऊ लागला. “प्रेशर लागत नाहीये,” असं कुणीतरी ओरडलं. “पाय वर घ्या, सलाईन सोडा पूर्ण!” पडद्याबाहेर साखरबाईनं त्याला हाक मारली, ती त्याला ऐकू आली. ओ मात्र देता आली नाही.

तो वाचला. दुपारी रक्तदाब सावरला, तशी मांडीतून नळी घालून हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली आणि तिच्यात जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागात जाग आली तेव्हा राजनंदिनी खाटेजवळ स्टूल ओढून बसली होती. डोळे तांबारलेले होते.

“काका,” ती म्हणाली, “जिभेखालच्या एका गोळीनं इतकं प्रेशर पडत नाही. मी रात्रभर विचार करतेय, माझं काय चुकलं. तुम्ही माझ्या हातून गेला असता.”

ती रागावली असती तर सावळारामला सोपं गेलं असतं. पण ती स्वतःला दोष देत होती, आणि तो खोटं बोलला होता. त्यानं छताकडं बघत सगळं सांगितलं. गोळीचं नाव, कधीपासून, शेवटची कधी घेतली. बोलताना त्याच्या कानशिलावरून पाणी ओघळून उशीत गेलं. तिनं ते न पाहिल्यासारखं केलं.

मग ती समजावून सांगू लागली, “काका, रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते अस्तर एक वायू तयार करतं. नायट्रिक ऑक्साइड म्हणतात त्याला.”

“आमच्या टाकीतला?” सावळारामनं विचारलं.

“नाही, तुमच्या टाकीत नुसता नायट्रोजन. हा वेगळा. अगदी थोडासा तयार होतो आणि क्षणात विरून जातो. पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला निरोप देतो, सैल हो म्हणून. स्नायू सैल पडला की रक्तवाहिनी रुंद होते आणि रक्त पुढं जातं. सगळ्या शरीरात असंच चालतं. हृदयात चालतं, आणि तुम्हाला ज्या कामासाठी गोळी घ्यावी लागली तिथंही हेच चालतं.”

सावळारामनं मान वळवली.

“जिभेखालच्या गोळीतून शरीरात तोच वायू तयार होतो. त्याचा निरोप स्नायूत पोचला की तिथं आणखी एक रसायन तयार होतं, आणि काम झालं की शरीर ते रसायन मोडून टाकतं. म्हणून रक्तवाहिनी पुन्हा आवळते. तुमची ती पिवळी गोळी हे मोडणंच थांबवते. तिचा अंमल दोन-दोन दिवस राहतो. म्हणजे एका गोळीनं निरोपावर निरोप धाडले आणि दुसरीनं ते पुसूच दिले नाहीत. अंगातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या. मग हृदयाला आणि मेंदूला रक्त पोचणार कसं?”

ती उठली, पण गेली नाही. “आणखी एक सांगते. मधुमेहानं हे अस्तर खराब होतं. वायू कमी बनतो. ज्या रक्तवाहिन्या बारीक असतात तिथं ते आधी जाणवतं, हृदयात नंतर. तुम्हाला तो त्रास सुरू झाला, तेव्हाच कुणा डॉक्टरला सांगितलं असतं तर तेव्हाच आम्ही तुमचं हृदय तपासलं असतं. ती लाज वाटायची गोष्ट नव्हती काका. ती सूचना होती.”

जाता जाता ती म्हणाली, “घरच्यांना सांगायचं की नाही ते तुमच्यावर. मी सांगणार नाही. पण ज्यांच्या खिशात ही जिभेखालची गोळी असते त्यांनी ती दुसरी गोळी कधीच घ्यायची नसते, एवढं आता विसरू नका.”

ती गेली, आणि त्याच क्षणी सावळारामला इकबालचा खिसा आठवला.

हाक मारली असती तर राजनंदिनीला ऐकू गेली असती, ती अजून दारापर्यंतही पोचली नव्हती. पण हाक मारून काय सांगायचं? की मी स्वतः तर गिळल्याच, वर हृदयविकाराच्या माणसाला वाटल्या? बिनघोर घे म्हणून सांगितलं? तिनं नुकताच आपला मान राखला होता. पुन्हा तिच्या नजरेतून उतरायचं धाडस त्याला होईना. त्यानं स्वतःची समजूत काढली. इकबाल घाबरट आहे, त्यानं घेतल्या नसतील. घेतल्या असतील तर एव्हाना आपल्याला कळलं असतं.

भेटीच्या वेळी मुलगा आला. राजवर्धन एमआयडीसीत कामाला होता, रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होता. “आबा, काय पायजे का?” त्यानं विचारलं. सावळारामच्या तोंडाशी आलं, इकबालचाचाला फोन लाव. पण लावून काय सांग म्हणायचं? कसली गोळी, असं तो विचारणारच. मुलाला काय सांगायचं?

“काय नगं,” तो म्हणाला. “तू जेवून ये.”

मग साखरबाई आली. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “माझ्या मनातच पाल चुकचुकत हुती. लई सुखात हुतो आपण इतक्यात.” तिच्यासमोर तर त्याला डोळेही उघडवेनात. झोपल्याचं सोंग घेऊन तो पडून राहिला. ती निघून गेली. सकाळ गेली, दुपार कलायला लागली. प्रत्येक वेळी तो ठरवायचा की पुढं जो येईल त्याला सांगू, आणि कुणी आलं की पाणी मागायचा.

संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा छाती धरून कण्हू लागला. नर्स आली, तिनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. सावळाराम ते बघत होता. म्हाताऱ्याचा सुरकुतलेला जबडा त्याला इकबालचा दिसायला लागला. तो इतक्या मोठ्यानं ओरडला की नर्स दचकली. “माझ्या पोराला बोलवा! आत्ता!”

राजवर्धन धावत आला. सावळारामनं त्याचं मनगट धरलं.

“इकबालला फोन लाव. त्याला मी एक पिवळी गोळी दिलीया. ती घेऊ नगं म्हणावं. घेतली आसंल तर जिभेखालची घेऊ नगं म्हणावं.”

“कसली पिवळी गोळी?”

नर्स ऐकत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सूनही ऐकत होती. सावळारामनं सांगितलं. सरळ शब्दांत, कसली गोळी, कशासाठी, कुठून आणली आणि आपल्याला काल काय झालं ते.

राजवर्धनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “डॉक्टरांनी हे कधी सांगितलं?”

“सकाळी.”

“सकाळी?” राजवर्धन एवढंच म्हणाला आणि हात सोडवून घेऊन बाहेर पळाला.

तो परत आला तेव्हा दारातच थांबला. फोन सलिमाचाचीनं उचलला होता, इकबालच्या बायकोनं. दुपारी जेवण करून इकबाल गॅरेजात उभा होता. छातीत आवळलं म्हणून त्यानं बाटलीतली गोळी जिभेखाली धरली आणि तो जागच्या जागी कोसळला. खाली इंजिन खोलून ठेवलं होतं. उजवा हात त्यावर आपटून मनगटाचा चुरा झाला. इंदापूरच्या दवाखान्यात रक्तदाब का पडतोय ते डॉक्टरांना कळत नव्हतं. छातीत पुन्हा दुखायला लागलं म्हणून ते तसलंच औषध सलाईनमधून द्यायच्या तयारीत होते.

“मग?” सावळारामनं विचारलं.

“मी चाचींना म्हणलं, डॉक्टरांकडं फोन द्या. त्यांना सांगितलं सगळं. त्यांनी औषध थांबवलं.” राजवर्धन बोलत होता, पण बापाकडं बघत नव्हता. “चाची तिथंच उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं.”

इकबाल जगला. त्या फोननं तो जगला असं इंदापूरचे डॉक्टर म्हणाले, आणि राजवर्धननं ते बापाला सांगितलंही. पण सावळारामला त्यातून समाधान मिळालं नाही. सकाळी त्याला कळलं होतं आणि दुपारी इकबाल पडला होता. मधला सगळा वेळ तो पाणी मागत आणि झोपेचं सोंग घेत पडून होता.

घरी आल्यावर साखरबाईनं काही दिवस काहीच विचारलं नाही. तिला कळलं होतं. त्या दवाखान्यात आता कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. ती वेळेवर गोळ्या द्यायची, अळणी जेवण पुढं ठेवायची. एका दुपारी प्रतिक्षा बाहेर गेली होती, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“त्या गोळ्या घेऊन तुमी माझ्याजवळ येत हुता?”

“व्हय.”

“आन त्याच्या आदी येत न्हवता, ते तुमालाच त्रास हुता म्हणून?”

“व्हय.”

“माझ्यामुळं न्हवं?”

सावळारामनं मान हलवली. साखरबाईनं पदर तोंडाशी धरला.

“मला वाटलं, पिशवी काढली आन मी बाईच राहिली न्हाय. आरशात बघायची सोडली मी. आईला म्हणलं, भावजईला म्हणलं, माझ्यातच खोट हाय म्हणून. तुमी ऐकत हुता. मी बोलले तवा तुमी म्होरंच बसला हुता.”

“व्हय,” तो म्हणाला. “मला कळत हुतं.”

हे तो बोलला नसता तरी चाललं असतं. तिला वाटलं असतं, नवऱ्याला कल्पना नव्हती. पण त्याला आता आणखी एक खोटं पेलवणार नव्हतं. साखरबाईनं त्याच्याकडं बघितलं. “गाईच्या पोटात काय हाय ते तुमाला हात घालून कळतंय,” ती म्हणाली, “आन माझ्या?” मग ती उठून मोरीत भांडी घासायला गेली. त्या दिवसापासून अंथरूण पुन्हा वेगळं झालं. या वेळी ते तिनं वेगळं केलं.

चालायला परवानगी मिळाल्यावर सावळाराम राजवर्धनबरोबर इंदापूरला गेला. गॅरेजचं शटर खाली होतं. मागच्या घरात इकबाल खाटेवर बसलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सलिमानं दार उघडलं. एरवी ती ‘या भाऊ’ म्हणून हसायची. आज ती नुसती बाजूला झाली. चहा तिनं दोघांनाही दिला. राजवर्धनची कपबशी तिनं त्याच्या हातात दिली आणि सावळारामची जमिनीवर ठेवली.

“इकबाल,” सावळाराम म्हणाला. तो खाली वाकला आणि त्यानं दोस्ताचे पाय धरले.

इकबालनं पाय मागं घेतले. “हे नगं करू. उठ.”

“मला काय ठावं न्हवतं. ठावं आसल्यासारखं बोललो.”

“मीबी कुठं माझ्या डॉक्टरला इचारलं?” इकबाल म्हणाला. “मलाबी लाजच वाटली.”

तेव्हा सलिमा पहिल्यांदा बोलली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच. “तुमाला दोघांनाबी लाज वाटली. आन दवाखान्यात फोन माझ्या हातात हुता. सगळ्यांम्होरं मला ऐकावं लागलं. माझ्या लाजंचं कुणी काय इचारलं न्हाय.”

सावळारामचा चहा तसाच निवला.

इकबालचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. पान्याला जोर लावता येईना. भाचा गॅरेज बघू लागला आणि इकबाल बाहेर खुर्ची टाकून तोंडानं काम सांगू लागला. सावळाराम आठवड्याला जाई. कधी इकबाल बोले, कधी नाही. सलिमा दार उघडून आत निघून जाई. आपल्याला माफ केलं का, हे सावळारामनं कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर इकबालला हृदयाच्या तपासणीसाठी बारामतीला यायचं होतं. सावळाराम त्याला घ्यायला बसस्थानकावर गेला. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक मदतनीस डॉक्टर टेबल मांडून बसले होते. आत सोडण्याआधी ते प्रत्येकाची चौकशी तिथंच करत. भिंतीला लागून बाकडी होती आणि बाकड्यांवर माणसं. जळोचीतले दोघं-तिघं त्यांत होते. एक तर ज्याच्या गाई सावळाराम भरवायचा तोच.

“पूर्वी कधी एकदम प्रेशर पडून चक्कर आली होती का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आली हुती,” इकबाल म्हणाला.

“कशामुळं?”

इकबालनं मान खाली घातली. त्याचा डावा हात उजव्या मनगटावर फिरू लागला. माणसं वाट बघत असली की शेजारच्याचं सगळं ऐकतात, तशी बाकडी ऐकत होती.

गाईवाला आपल्याकडं बघतोय, हे मान न वळवताही सावळारामला कळत होतं.

“मी गोळी दिली हुती त्याला,” तो म्हणाला. “पुरुषाची ताकद वाढायची. मी सोता घेत हुतो, मलाबी जमत न्हवतं म्हणून. तीच त्याला दिली. जिभेखालची गोळी चालू हाय हे मला ठावं हुतं, तरी दिली.”

कुणीतरी खाकरलं. कोपऱ्यात कुणी दबकं हसलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळीचं नाव विचारलं. सावळारामनं सांगितलं. आवाज नीट लागला नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्याला ते नाव आणखी मोठ्यानं सांगावं लागलं. त्याचे कान पेटले होते. तरी तो बसला नाही.

इकबालला आत बोलावलं. सावळाराम बाकड्याच्या टोकाशी जागा होती तिथं जाऊन बसला. शेजारचा गाईवाला थोडा सरकला. बऱ्याच वेळानं त्यानं, भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत, ओठ न हलवता विचारलं, “तात्या, त्या त्रासाचं ह्या डॉक्टरला सांगितलं तर चालतंय का?”

“चालतंय,” सावळाराम म्हणाला. त्याला वर बघवलं नाही.